विश्लेषण : एका यंत्राचे हजार सुटे भाग, हिशेब मात्र एकच! यंत्रनिर्मिती कंपन्यांना ‘ईआरपी’ का हवे?

टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे (जेएलआर) ब्रिटनमधील कारखाने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबले. यंत्रे धडधाकट होती, कामगार संपावर नव्हते, मागणीही होती. सायबर हल्ल्यानंतर कंपनीने आपली संगणक प्रणाली बंद केली आणि प्रणाली बंद होताच कारखाना बंद झाला. उत्पादन टप्प्याटप्प्याने सुरू होण्यास ८ ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनमधील ‘सायबर मॉनिटरिंग सेंटर’ने अर्थव्यवस्थेच्या नुकसानीचा अंदाज १.९ अब्ज पौंड वर्तवला. पाच हजारांहून अधिक संस्थांना झळ बसली आणि त्यात सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने मोठ्या संख्येने होते. कारखान्याचा संपूर्ण व्यवहार एकाच सॉफ्टवेअरवर चालवणे म्हणजे काय, हे जगाला असे उलट्या बाजूने दिसले. त्याच सुमारास भारतात कर आणि कंपनी कायद्यातील बदलांमुळे पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथील मध्यम व लहान यंत्रनिर्माते अशाच एकात्मिक प्रणालीकडे ढकलले जात आहेत. तिचे फायदे नेमके कोणते आणि ते कोणाला मिळतात?

‘एकात्मिक’ म्हणजे नेमके काय?

बहुतेक कारखान्यांत संगणक पूर्वीच आले आहेत. हिशेब टॅलीवर, खरेदीची यादी एक्सेलमध्ये, ड्रॉइंग कॅडमध्ये, गेटवरची आवक वहीत आणि उत्पादनाचे वेळापत्रक सुपरवायझरच्या डोक्यात किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर, अशी विभागणी असते. प्रत्येक विभागाकडे माहिती असते, पण ती एकमेकांशी जुळत नाही. स्टोअरच्या नोंदीत १२ बेअरिंग असतात, रॅकवर नऊ आणि खरेदी विभागाने आणखी २० मागवलेली असतात.

‘एंटरप्रायझ रिसोर्स प्लॅनिंग’ म्हणजेच ईआरपीमध्ये या सर्व विभागांसाठी एकच माहितीसाठा असतो. गेटवर माल आला की नोंद एकदाच होते. त्याच नोंदीवरून साठा वाढतो, खरेदीची मागणी पूर्ण झाल्याचे दिसते, तपासणी विभागाला सूचना जाते आणि पुरवठादाराचे देणे हिशेबात उभे राहते. त्यामुळे दुसऱ्यांदा टंकलेखन नाही, महिनाअखेरीची जुळवाजुळव नाही. निदान कागदावर तरी नाही.

या कल्पनेचा जन्म यंत्रनिर्मितीतच झाला. जे. आय. केस या अमेरिकी ट्रॅक्टर कंपनीत काम केलेल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६०च्या दशकात ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’ (एमआरपी) ही पद्धत मांडली. ‘ब्लॅक अँड डेकर’ने १९६४ मध्ये ती प्रथम वापरली. तयार वस्तूची तारीख ठरली की मागे मोजत प्रत्येक सुट्या भागाची तारीख काढायची, हे तिचे सूत्र. पुढे तिला मनुष्यबळ, यंत्रांची क्षमता, हिशेब यांची जोड मिळाली आणि १९९० मध्ये ‘गार्टनर’ या सल्लागार संस्थेने ईआरपी हे नाव दिले. नाव बदलले तरी गाभा अजूनही तोच, मागे मोजण्याचा आहे.

यंत्रनिर्मितीचीच अडचण वेगळी का?

साबण किंवा बिस्किटे बनवणाऱ्या कारखान्यात तेच उत्पादन रोज निघते. स्पेशल पर्पज मशिन, प्रेस, पॅकेजिंग यंत्र किंवा साखर कारखान्याचे रोलर बनवणाऱ्याकडे प्रत्येक मागणी थोडी निराळी असते. ग्राहकाला स्ट्रोक वाढवून हवा असतो, दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर हवा असतो. ऑर्डर घेतली जाते तेव्हा यंत्राचे ड्रॉइंगही पूर्ण नसते. तरीही पोहोचवण्याची तारीख मात्र लिहून द्यावी लागते.

समजा, एका यंत्राची डिस्पॅचची तारीख ३१ मार्च आहे. जोडणी आणि चाचणीला चार आठवडे धरले तर सर्व भाग ३ मार्चला हातात हवेत. मुख्य कॉलमचे मशिनिंग बाहेर जॉबवर्कला जाते, त्याचे दोन आठवडे. म्हणजे १७ फेब्रुवारी. त्याआधी कास्टिंगमधील ताण घालवण्यासाठी उष्णता प्रक्रियेचा एक आठवडा, १० फेब्रुवारी. फाउंड्रीला पाच आठवडे; ६ जानेवारी. पॅटर्नला तीन आठवडे, १६ डिसेंबर. आता आयात होणारे सर्व्हो ड्राइव्ह १४ आठवड्यांनी मिळणार असतील, तर त्यांची ऑर्डर २५ नोव्हेंबरलाच जायला हवी. ग्राहकाने मागणी पक्की केली १ डिसेंबरला. याचा अर्थ, विक्री अधिकाऱ्याने ३१ मार्चचा शब्द दिला त्या क्षणीच तो मोडला होता. खोटे कोणीच बोललेले नसते. सर्व्हो ड्राइव्हची मुदत खरेदी विभागाला माहीत होती आणि शब्द विक्री विभागाने दिला, एवढेच. हे गणित एका यंत्राचे आणि पाच-सहा भागांचे आहे. एकाच वेळी दहा यंत्रे जोडणीत असतील आणि प्रत्येकाचे हजार-बाराशे भाग असतील, तर ते अनुभवी माणसाच्या डोक्यात मावत नाही. एमआरपी हे काम रोज रात्री करू शकते आणि सकाळी सांगू शकते की आज कोणती ऑर्डर गेली नाही तर कोणते यंत्र अडेल.

दुसरी डोकेदुखी ड्रॉइंगमधील बदलांची. डिझायनरने भार वाढल्यामुळे शाफ्टचा व्यास ४० ऐवजी ४५ मिलिमीटर केला. कागदावर हा एका आकड्याचा बदल. पण त्यामुळे ६२०८ क्रमांकाचे बेअरिंग बाद होऊन ६२०९ लागते. त्याचा बाहेरचा व्यास ८० वरून ८५ मिलिमीटर होतो. म्हणजे हाउसिंगचे बोअरिंग बदलते, सील बदलते, शाफ्टवरचा नट बदलतो. दरम्यान भोसरीच्या जॉबवर्करकडे हाउसिंगला ८० चे बोअर करून झालेले असते आणि जुनी बेअरिंग स्टोअरमध्ये येऊन पडलेली असतात. जोडणीच्या दिवशी फिटर शाफ्ट हातात घेतो तेव्हा हे उघड होते. एकात्मिक प्रणालीत ड्रॉइंगची नवी आवृत्ती मंजूर होतानाच जुन्या आवृत्तीवर निघालेल्या खरेदीच्या ऑर्डर, जॉबवर्कची चलने आणि साठा समोर येतो. बदल करायचाच असेल तर त्याची किंमत आधी कळते. यंत्रनिर्मात्यासाठी सॉफ्टवेअरचा सर्वात मोठा फायदा कदाचित हाच. पण विक्रेत्यांच्या सादरीकरणात रंगीत डॅशबोर्डला अधिक जागा मिळते.

पैशात फायदा कुठे दिसतो?

पहिला फायदा म्हणजे यंत्राचा खरा खर्च कळणे. नवे दरपत्रक देताना जुन्या यंत्राचा अंदाज घेऊन त्यावर काही टक्के चढवण्याची पद्धत सर्रास आहे. पण जुन्या यंत्रावर प्रत्यक्षात किती तास लागले, किती वेळा दुरुस्ती झाली, कमिशनिंगसाठी दोन इंजिनीअर ग्राहकाकडे किती दिवस अडकून पडले, याची नोंद त्या यंत्राच्या नावावर झालेली नसते. वर्षअखेरीस ताळेबंद नफा दाखवतो. तो कोणत्या यंत्राने मिळवला आणि कोणत्या यंत्राने खाल्ला हे सांगत नाही. प्रत्येक खरेदी, प्रत्येक तास आणि प्रत्येक प्रवासखर्च यंत्राच्या प्रकल्प क्रमांकावर टाकला गेला, तर तोट्याचे यंत्र अर्ध्यावर असतानाच ओळखता येते. ग्राहकाने वाढवून मागितलेल्या कामाचे पैसे मागायला तेव्हाच आधार असतो, यंत्र रवाना झाल्यावर नाही.

दुसरा फायदा साठ्यात अडकलेल्या पैशाचा. ‘असू द्या, पुढच्या यंत्राला लागेल’ म्हणून घेतलेल्या मोटारी, गिअरबॉक्स, व्हॉल्व्ह पुढच्या यंत्राचे ड्रॉइंग बदलल्यावर पडून राहतात. त्याच वेळी पाचशे रुपयांचा एक कपलिंग न आल्याने पन्नास लाखांचे यंत्र जोडणीत थांबते. साधारणपणे ग्राहक आगाऊ रक्कम देतो आणि मोठा हिस्सा तपासणीनंतर किंवा डिस्पॅचवेळी. त्यामुळे यंत्र थांबले की बँकेचे व्याज चालू राहते.

तिसऱ्या फायद्याकडे सहसा दुर्लक्ष होते. यंत्र विकल्यानंतर दहा-पंधरा वर्षे त्याचे सुटे भाग आणि दुरुस्तीचे काम मिळत राहते. आठ वर्षांनी ग्राहक फोन करून अनुक्रमांक सांगतो आणि सील मागतो. त्या यंत्रात नेमकी कोणती आवृत्ती बसवली होती, ही नोंद असेल तर भाग त्याच दिवशी जातो. नसेल तर ग्राहक बाजारात नकली भाग शोधतो.

कायद्यांचा रेटा किती?

सॉफ्टवेअर घेण्यामागे अनेक मालकांचे कारण उत्पादकता नसून कायदा आहे. वस्तू व सेवा कराचे ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीला लागू झाले. ती मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. म्हणजे औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराचे वर्कशॉपही त्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे आणि तो बंद करता न येणे सक्तीचे आहे. मागच्या तारखेने नोंद फिरवण्याची सोय त्यामुळे निदान खासगी मर्यादित कंपन्यांसाठी संपली. भागीदारी आणि एकल मालकीच्या उद्योगांना हा नियम लागू नाही.

यंत्रनिर्मात्यांना विशेष जाचणारे नियम दोन. पहिला जॉबवर्कचा. बाहेर पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवल्याच्या दिवशी विकला असे मानून कर आणि व्याज लागते. साचे, डाय, जिग, फिक्श्चर यांना ही मुदत नाही. एक कास्टिंग मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, प्लेटिंग असे चार हातांतून फिरते. कोणते नग कोणत्या चलनावर कोणाकडे आहेत, हे वह्यांतून शोधणे म्हणजे एका माणसाचा पूर्णवेळ उद्योग.

दुसरा नियम ४५ दिवसांचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. प्राप्तिकर कायद्यानुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत चुकल्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. यात मेख अशी की मुदत माल स्वीकारण्यावरून मोजली जाते, बिल हिशेब विभागात पोहोचल्याच्या दिवसावरून नव्हे. ही तारीख गेटवर आणि तपासणी विभागात असते. पैसे देणाऱ्याकडे नसते. पुरवठादार सूक्ष्म, लघु की मध्यम, हे आणखी तिसऱ्याच फाइलमध्ये असते. या वर्गवारीच्या मर्यादाही १ एप्रिल २०२५ पासून वाढल्या. लघु उद्योगासाठी उलाढालीची मर्यादा आता १०० कोटी रुपये आहे, म्हणजे पूर्वी मध्यम असलेले अनेक पुरवठादार आता लघु ठरतात. तिन्ही माहिती एकत्र आणल्याखेरीज कायदा पाळणेच शक्य नाही. विभाग जोडा, असे कायदा कुठेही म्हणत नाही; पण विभाग जोडल्याशिवाय सुटकाही ठेवत नाही.

लहान पुरवठादाराला काय मिळते?

येथे चित्र संमिश्र आहे. मोठ्या कंपनीच्या प्रणालीत माल स्वीकारल्याची नोंद वेळेवर झाली तर बिल लवकर मंजूर होते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ‘ट्रेड्स’ या बिल वटवण्याच्या मंचावर नोंदणी करण्यास सांगण्यात आले. ग्राहकाने मंजूर केलेले बिल तेथे वित्तसंस्था विकत घेतात आणि पुरवठादाराला मुदतीआधी पैसे मिळू शकतात. अर्थात, ग्राहकाने बिल प्रणालीत मंजूर केले पाहिजे. त्यावर पुरवठादाराचा काहीच ताबा नाही.

दुसरीकडे, चार मोठ्या ग्राहकांना माल देणाऱ्या वर्कशॉपला चार वेगवेगळी पोर्टल भरावी लागतात. तोच नग, तेच चलन, तेच बिल चार पद्धतींनी टंकावे लागते. मोठ्या कंपनीचे दुबार काम वाचते, ते प्रत्यक्षात लहान कारखान्याच्या टेबलावर सरकलेले असते. एकात्मिकतेच्या फायद्याच्या हिशेबात ही बाजू क्वचितच धरली जाते.

मग इतके प्रकल्प फसतात का?

जर्मनीतील ‘लिडल’ या किरकोळ विक्री साखळीने सात वर्षे चाललेला आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च झालेला सॅप प्रकल्प २०१८ मध्ये सोडून दिला. साठ्याचे मूल्य खरेदी किमतीवर धरण्याची कंपनीची जुनी सवय होती. सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री किमतीवर होती. सवय न बदलता सॉफ्टवेअर बदलण्याचा आग्रह हे अपयशाचे एक मोठे कारण मानले गेले. यंत्रनिर्मितीत यापेक्षा साधी, पण तितकीच घातक चूक होते. ती ‘बिल ऑफ मटेरियल’ची, म्हणजे यंत्राच्या भागांच्या यादीची. ही यादी ८० टक्के बरोबर असेल तर फिटर उरलेले भाग स्टोअरमधून मागून घेतो आणि यंत्र उभे राहते. संगणकाला ते जमत नाही. यादीत नसलेला भाग त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो, त्यामुळे तो मागवलाच जात नाही. मग प्रणाली चुकीचे सांगते, लोक पुन्हा एक्सेलकडे वळतात आणि सहा महिन्यांत ईआरपी फक्त बिले छापण्यासाठी उरते.

याला माणसांची बाजूही आहे. वीस वर्षांच्या स्टोअरकीपरला कोणता भाग कोणत्या रॅकवर आहे हे पाठ असते; त्याच्या रजेच्या दिवशी कारखाना अडतो आणि त्याचे महत्त्व त्यातच असते. उत्पादन विभागाचा प्रमुख दहा टक्के जास्तीचे नग बनवून ठेवतो आणि ते कोणालाच सांगत नाही, कारण अडचणीच्या वेळी तेच त्याला वाचवतात. नव्या प्रणालीत हे दोघेही उघडे पडतात. त्यांना अडाणी किंवा विरोधक ठरवून प्रशिक्षणाचे दोन दिवस उरकणे ही नेहमीची पद्धत, आणि ती नेहमीच फसते. भागांची यादी नीट करण्याचे ज्ञान याच लोकांकडे असते. परवाना आणि सल्लागाराचे शुल्क यांच्यापेक्षा मोठा खर्च म्हणजे या माणसांचे कित्येक महिने. दरपत्रकात तो नसतो.

पर्याय कोणते आणि घाई कशाची?

बड्या कंपन्यांसाठी घाई ठरलेली आहे. सॅपच्या ‘ईसीसी’ या जुन्या प्रणालीची नियमित देखभाल २०२७ अखेर संपते. जादा शुल्क भरून ती २०३० अखेरपर्यंत वाढवता येते. त्यानंतर ‘एस/४हाना’वर जाणे किंवा दुसरा पर्याय शोधणे आले. लहान कारखान्यांपुढे पर्याय वाढले आहेत. मुंबईतील ‘फ्रॅपे’ची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्त स्रोत प्रणाली आहे, चेन्नईची ‘रॅम्को’ जुनी आहे आणि ‘झोहो’नेही नोव्हेंबर २०२५ मध्ये आपली ईआरपी बाजारात आणली. मासिक भाड्याच्या, क्लाउडवरील प्रणालींमुळे सुरुवातीचा सर्व्हर आणि परवान्याचा बोजा कमी झाला. मात्र अशा प्रणाली निवडताना जॉबवर्क, आवृत्तीनिहाय भागांची यादी आणि प्रकल्पनिहाय खर्च या तीन गोष्टी आपल्याच एका यंत्राच्या खऱ्या ड्रॉइंगवर चालवून दाखवायला सांगणे शहाणपणाचे. तयार नमुन्यावर सगळ्याच प्रणाली छान चालतात. सर्व विभाग एकाच दिवशी सुरू करण्यापेक्षा स्टोअर आणि खरेदीपासून सुरुवात करणे लहान कारखान्यांना परवडते, कारण साठ्याचा आकडा खोटा असेल तर वरचे सगळेच खोटे ठरते.

सगळे एका जागी आणण्याचा धोका किती?

जेएलआरने २५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रणालीचे काही भाग पुन्हा सुरू केल्याचे सांगितले, त्यातला क्रम बोलका होता. आधी पुरवठादारांची बिले चुकती करण्याची यंत्रणा, सुट्या भागांचे वितरण केंद्र आणि वाहनांच्या विक्रीची नोंद, उत्पादन त्यानंतर. थकलेल्या पुरवठा साखळीसाठी ब्रिटन सरकारला १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी जाहीर करावी लागली. एवढे पाठबळ पन्नास कामगारांच्या कारखान्याला मिळणार नाही. भारतात सायबर घटनेची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आहे, पण अनेक लहान कारखान्यांत माहितीची दुसरी प्रत त्याच संगणकावर किंवा त्याला कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर असते आणि फिरोती मागणारे सॉफ्टवेअर मूळ प्रतीबरोबर तीही कुलूपबंद करते. प्रणाली पुरवणाऱ्याशी करार करताना माहितीची प्रत किती वेळाने आणि कोठे घेतली जाते, ती परत उभी करून पाहण्याची चाचणी कोणी आणि कधी करायची, आणि करार संपल्यास माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे लिहून घेण्याची पद्धत अजून रुळलेली नाही. बहुतेक दरपत्रकांत या मुद्द्यांसाठी ओळच नसते.